अमेरिकेतल्या काउंटी कोर्टातून घटस्फोटाची नक्कल कशी काढायची

घटस्फोट झाला तेव्हा वकिलाने ईमेलवर एक पीडीएफ पाठवलेली असते. ती कुठल्याशा फोल्डरमध्ये पडून राहते. काही वर्षांनी दुसरं लग्न ठरतं, किंवा पासपोर्टवरचं जोडीदाराचं नाव काढायचं असतं, किंवा ग्रीन कार्डच्या अर्जात आधीचं लग्न संपल्याचा पुरावा मागतात. मग कळतं की ती पीडीएफ चालत नाही. शिक्क्याची, सहीची, 'सर्टिफाइड' प्रत हवी. आपल्याकडच्या कोर्टात जिला नक्कल म्हणतात, तीच ही.

इथून बरेच जण उलट्या टोकाने सुरुवात करतात. आधी कोर्टाला फोन, मग पैसे घेणारी एखादी साइट, मग चुकीचा कागद हातात. पहिला प्रश्न कोर्टाला विचारायचाच नसतो. जो कागद मागतोय त्याला विचारायचं: नक्की कुठला हवा, किती पानांचा, आणि अपोस्टील (कागद परदेशात चालावा म्हणून सरकार त्यावर जोडतं ते प्रमाणपत्र) लागेल का? पुढची सगळी वाट या उत्तरावर ठरते.

एकाच नावाचे तीन कागद

'डिव्होर्स रेकॉर्ड' हे नाव तीन वेगळ्या गोष्टींना लावलं जातं.

पहिली, प्रमाणपत्र. दोघांची नावं, तारीख, काउंटी (साधारण आपला जिल्हा), बस. हे कोर्ट देत नाही, राज्याचं आरोग्य खातं देतं, आणि तेही सगळीकडे नाही. कॅलिफोर्नियाच्या आरोग्य खात्याकडे १९६२ ते जून १९८४ एवढ्याच काळातल्या घटस्फोटांची नोंद मिळते. म्हणजे २०१२ साली सॅन होजेत घटस्फोट घेतलेल्याला राज्याची राजधानी सॅक्रामेंटोहून काहीच मिळणार नाही. टेक्सास राज्य १९६८ नंतरच्या घटस्फोटांसाठी एक पडताळणी पत्र देतं, पण ती निकालाची प्रमाणित प्रत नव्हे. न्यूयॉर्कमध्ये १ जानेवारी १९६३ पासूनची प्रमाणपत्रं राज्याकडे आहेत.

दुसरी, निकालपत्र. राज्यानुसार 'डिक्री' किंवा 'जजमेंट' म्हणतात, आपला शब्द हुकूमनामा. न्यायाधीशाची सही यावर असते आणि लग्न कधी संपलं ते यात लिहिलेलं असतं. शंभरातल्या नव्वद कामांना हाच लागतो.

तिसरी, अख्खी फाइल. मूळ अर्ज, समोरच्याला नोटीस बजावल्याचा दाखला, त्याचं उत्तर, पैशाअडक्याची विवरणं, दोघांचा समझोता, मुलांबद्दलचे आदेश. ही सगळी कुणी सहसा मागत नाही. पण काम भारतातलं असेल तर तिच्यातली दोन-तीन पानं फार मोलाची ठरतात. त्याबद्दल पुढे सविस्तर.

कुठलं कोर्ट?

अमेरिकेत घटस्फोट हा राज्यांचा विषय आहे. देशभराची एकच नोंदवही नाही. फेडरल कोर्टांची 'पेसर' नावाची ऑनलाइन यंत्रणा आहे, तिथे नाव टाकून काही मिळालं नाही म्हणून लोक घाबरतात. तिथे ते मिळणारच नाही, घटस्फोटाचे दावे फेडरल कोर्टात चालत नाहीत.

फाइल असते ती दावा दाखल झाला त्या काउंटीत. लग्न कुठे लागलं, आज तुम्ही कुठे राहता, याचा संबंध नाही. आणि इथे आपल्या लोकांची एक नेहमीची चूक होते: शहर आठवतं, काउंटी नाही. कॅलिफोर्नियातलं सनीव्हेल सांता क्लारा काउंटीत, पण थोडं पलीकडचं फ्रीमाँट अलमेडा काउंटीत. न्यू जर्सीतलं एडिसन मिडलसेक्समध्ये, जर्सी सिटी हडसनमध्ये. टेक्सासमधलं अर्विंग डॅलस काउंटीत, प्लेनो मुख्यतः कॉलिनमध्ये आणि फ्रिस्को कॉलिन आणि डेंटन अशा दोन काउंट्यांत पसरलेलं. शिकागोजवळच्या नेपरव्हिलचंही तसंच, मोठा भाग ड्युपेजमध्ये, उरलेलं विलमध्ये. तेव्हा जुना पत्ता टाकून काउंटी आधी पक्की करा. दावा दुसऱ्या पक्षाने दाखल केला असेल तर तो त्याच्या काउंटीत झाला असण्याची शक्यता धरा.

कोर्टाचं नाव राज्यागणिक बदलतं. कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, वॉशिंग्टन, जॉर्जियात सुपीरियर कोर्ट. इलिनॉय, मिशिगन, फ्लोरिडा, व्हर्जिनियात सर्किट कोर्ट. टेक्सासमध्ये डिस्ट्रिक्ट कोर्ट, आणि नक्कल मागायची ती डिस्ट्रिक्ट क्लार्ककडे, काउंटी क्लार्ककडे नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये प्रोबेट अँड फॅमिली कोर्ट. पेनसिल्व्हेनियात कोर्ट ऑफ कॉमन प्लीज, आणि तिथल्या बऱ्याच काउंट्यांत दिवाणी कागद सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याचं पदनाम 'प्रोथोनोटरी'. सगळ्यांत गंमत न्यूयॉर्कची. तिथे घटस्फोट देणाऱ्या कोर्टाचं नाव सुप्रीम कोर्ट. ते खालच्या पायरीवरचं कोर्ट आहे, पण भारतातल्या एखाद्या कारकुनाला 'सुप्रीम कोर्टाचा निकाल' दाखवला की त्याच्या भुवया उंचावतात. कागद मात्र काउंटी क्लार्ककडे असतात.

न्यू जर्सीतही एक वळण आहे. दावा काउंटीत चालतो, पण जुन्या निकालांच्या नकला सहसा ट्रेंटनच्या सुपीरियर कोर्ट क्लार्कच्या कार्यालयातून मिळतात.

केस नंबर शोधणं

केस नंबर हातात असेल तर अर्धं काम झालं. वकिलाच्या जुन्या ईमेलमध्ये, बिलावर, कोर्टाच्या कुठल्याही नोटिशीच्या वरच्या कोपऱ्यात तो सापडतो. सापडला नाही तर जुन्या वकिलालाच आधी विचारा. फाइल त्याच्याकडे असली तर पाच मिनिटांचं काम.

नंबर नुसता आकडा नसतो. न्यू जर्सीचा नंबर 'एफएम' ने सुरू होतो. एफएम म्हणजे विवाहविषयक दावा, त्यापुढचे दोन आकडे काउंटीचे आणि शेवटचे वर्षाचे. १२ म्हणजे मिडलसेक्स, ०९ म्हणजे हडसन. इंग्रजी वर्णक्रमाने २१ काउंट्यांना दिलेले हे आकडे आहेत. तेव्हा कागदावर एफएम-०९ दिसत असेल तर एडिसनला राहत होतो म्हणून मिडलसेक्सला विचारण्यात अर्थ नाही.

नंबर नसेल तर काउंटी कोर्टाच्या संकेतस्थळावर नावाने शोधता येतं. सगळीकडे नाही, पण पुष्कळ ठिकाणी. इथे आपली नावं त्रास देतात. मधलं नाव म्हणजे वडिलांचं किंवा नवऱ्याचं, हे तिथल्या यादीला माहीत नसतं. बाईचा दावा माहेरच्या आडनावाखाली की सासरच्या, हे ती त्या वेळी पासपोर्टवर काय लिहीत होती त्यावर अवलंबून. 'देशपांडे' हे इंग्रजीत दोन-तीन तऱ्हांनी लिहिलेलं असू शकतं. काही वेळा पहिलं नाव आणि आडनाव चक्क उलटे नोंदवलेले असतात. म्हणून दोघांची नावं, दोन्ही आडनावं, सगळी स्पेलिंगं टाकून पाहा. दोघांपैकी ज्याचं आडनाव विरळा, त्याच्या नावाने आधी शोधा. पाटील आणि कुलकर्णी मागे ठेवा.

ऑनलाइन दिसतं ते बहुधा फक्त कारवाईची यादी असते, कागद नव्हेत. कॅलिफोर्नियाच्या न्यायालयीन नियमांनुसार कौटुंबिक दाव्यांचे कागद सर्वसामान्यांना घरबसल्या ऑनलाइन दाखवत नाहीत, त्यासाठी कोर्टातल्या संगणकापुढेच बसावं लागतं. यादीत मात्र एक गोष्ट नीट पाहा: शेवटी 'जजमेंट एंटर्ड' अशा अर्थाची नोंद आहे का? नसेल तर थांबा. अर्ज दाखल झाला, समझोत्यावर सह्या झाल्या, दोघं वेगळे राहू लागले, आणि निकाल मात्र कधी नोंदलाच गेला नाही, असं होतं. अशा वेळी नक्कल काढण्याचा प्रश्नच येत नाही, आधी वकील गाठावा लागतो.

मागणी कशी करायची

तीन वाटा आहेत: खिडकीवर जाऊन, टपालाने, ऑनलाइन. जवळ राहत असाल तर खिडकीच उत्तम. ओळखपत्र आणि केस नंबर घेऊन सकाळी लवकर जा. फाइल अलीकडची आणि स्कॅन केलेली असेल तर त्याच दिवशी नक्कल मिळू शकते. जुनी फाइल शहराबाहेरच्या गोदामात किंवा मायक्रोफिल्मवर गेलेली असली तर ती मागवावी लागते, आणि मग दिवस मोजत बसावं लागतं.

टपालाने मागताना पत्र छोटं ठेवा. घटस्फोटाच्या वेळी दोघांची जी नावं होती ती, केस नंबर, निकालाचं वर्ष, कुठला कागद, किती प्रती, 'सर्टिफाइड' हवी हे स्पष्ट शब्दांत, आणि तुमचा फोन नंबर. सोबत ओळखपत्राची प्रत आणि तिकीट लावलेलं, स्वतःचा पत्ता लिहिलेलं पाकीट. पैशाचं काय? पानं किती आहेत ते माहीत नसतं, मग चेक किती रकमेचा लिहायचा? यावर तिथे एक रुळलेली युक्ती आहे. काही कोर्टं रकमेची जागा मोकळी सोडून चेकवर 'नॉट टू एक्सीड' असं लिहून वरची मर्यादा टाकलेला चेक घेतात. क्लार्क खरी रक्कम भरतो. ही सोय त्या कोर्टात आहे का ते आधी पाहा.

शुल्क प्रत्येक राज्याचं वेगळं. अंदाज यावा म्हणून कॅलिफोर्नियाचं सांगतो: साध्या प्रतीला पानामागे ५० सेंट, घटस्फोटाच्या निकालाच्या प्रमाणनाला १५ डॉलर, फाइलमधल्या इतर कागदांच्या प्रमाणनाला ४० डॉलर, आणि केस नंबर न देता क्लार्कला दहा मिनिटांहून जास्त शोधायला लावलं तर वर १५ डॉलर. पाठवण्याआधी त्या काउंटीचा ताजा दर पाहून घ्या.

भारतातून मागणाऱ्यांची अडचण वेगळी. अमेरिकेची टपाल तिकिटं नाहीत, अमेरिकन बँकेचा चेक नाही. काउंटी कार्डाने पैसे घेत असेल तर उत्तम, नाहीतर तिथल्या मित्राला किंवा नातेवाइकाला पत्र टाकायला सांगा आणि परतीचा पत्ता त्याचाच द्या. बहुतेक राज्यांत निकालाची नक्कल दुसऱ्याने आणली तरी चालते. न्यूयॉर्कमध्ये चालत नाही. तिथे घटस्फोटाच्या फाइली शंभर वर्षं बंद असतात. दोन पक्ष आणि त्यांचे वकील यांनाच त्या दिसतात, बाकीच्यांना कोर्टाचा आदेश लागतो. मित्राला पाठवायचं तर नोटरी केलेलं अधिकारपत्र द्यावं लागतं. महाराष्ट्रात असाल तर त्यासाठी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकन वकिलातीत नोटरीची वेळ घेता येते. एका शिक्क्याला ५० डॉलर पडतात.

आणि हो, नाव टाकताच 'तुमची नोंद सापडली!' म्हणून कार्ड मागणाऱ्या खासगी साइट. त्या फार तर केस नंबर दाखवतील. शिक्क्याची नक्कल देण्याचा अधिकार फक्त ज्याच्या ताब्यात फाइल आहे त्या क्लार्कला आहे.

भारतासाठी आणखी दोन पानं का काढायची

याबद्दल इंग्रजीतल्या मार्गदर्शकांत काही नसतं, कारण त्यांचा वाचक अमेरिकेतच राहणारा असतो.

१९९१ साली भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने वाय. नरसिंह राव विरुद्ध वाय. वेंकट लक्ष्मी हा निकाल दिला. लग्न तिरुपतीला झालेलं. नवऱ्याने मिसुरी राज्यातल्या सेंट लुइस काउंटीच्या सर्किट कोर्टातून घटस्फोट मिळवला आणि दुसरं लग्न केलं. पहिल्या बायकोने द्विभार्येची तक्रार केली. सर्वोच्च न्यायालयाने तो अमेरिकन घटस्फोट मानला नाही. विवाह ज्या कायद्याखाली झाला त्या कायद्याला मान्य असलेलं कोर्ट आणि मान्य असलेलं कारण हवं, हा मुख्य नियम. त्याला अपवाद दिले. त्यातला आपल्या कामाचा असा: समोरच्या पक्षाने घटस्फोटाला संमती दिली असेल, किंवा त्या कोर्टाचा अधिकार स्वेच्छेने मान्य करून, आपल्या कायद्यात बसणाऱ्या कारणावर दावा लढवला असेल, तर तो निकाल भारतात मानता येतो.

आता कॅलिफोर्नियाचं निकालपत्र पाहा, त्याचा फॉर्म एफएल-१८०. पहिल्याच पानावर सुनावणी कशी झाली त्याचे रकाने आहेत. त्यातला एक 'डिफॉल्ट ऑर अनकंटेस्टेड' असा एकत्रच छापलेला. दोघांनी राजीखुशीने सह्या करून घेतलेला घटस्फोट आणि एकाने ढुंकूनही न पाहिल्याने मिळालेला एकतर्फी घटस्फोट, दोन्हींत खूण त्याच चौकोनात. पुण्यातला वकील 'डिफॉल्ट' वाचतो आणि म्हणतो, हा तर एकतर्फी दिसतोय.

त्याचं उत्तर निकालपत्रात नसतं, फाइलमध्ये असतं. म्हणून निकालाबरोबर समोरच्या पक्षाचं उत्तर किंवा हजेरीचा कागद, आणि दोघांच्या सह्यांचं समझोत्याचं पान, यांच्याही प्रमाणित प्रती एकाच वेळी मागा. कॅलिफोर्नियात उत्तराचा फॉर्म एफएल-१२०, हजेरी आणि संमतीचा एफएल-१३०. थोडे डॉलर जास्त जातील, पण दहा वर्षांनी पुन्हा गोदामातून फाइल काढायला लावण्यापेक्षा ते स्वस्त. घटस्फोट खरंच एकतर्फी झाला असेल तर मात्र कितीही शिक्के मारले तरी भागणार नाही, भारतातल्या कौटुंबिक वकिलाशी बोलावं लागेल.

याच निकालात नकलेबद्दलही एक धडा आहे. त्या नवऱ्याने दिलेल्या प्रतीवर डेप्युटी क्लार्कचं प्रमाणन होतं. न्यायालय म्हणालं, छायाप्रत आहे म्हणून ती बाद होत नाही. बाद होते ती भारत सरकारच्या तिथल्या प्रतिनिधीचं पुढचं प्रमाणन नाही म्हणून.

अपोस्टील

पूर्वी या पुढच्या प्रमाणनासाठी वकिलातीच्या पायऱ्या चढाव्या लागत. भारत २००५ मध्ये हेग अपोस्टील करारात सामील झाला, अमेरिका १९८१ पासूनच आहे, त्यामुळे आता बहुतेक कामांना अपोस्टील पुरतं. भारतातल्या कोर्टात वाद असेल तर तिथल्या वकिलाला विचारून घ्या.

अपोस्टील त्या राज्याचं सरकार देतं. बहुधा सेक्रेटरी ऑफ स्टेटचं कार्यालय, न्यू जर्सीत मात्र ट्रेझरी खातं. कॅलिफोर्नियात २० डॉलर. कागद ज्या राज्याचा, अपोस्टील त्याच राज्याचं. न्यू जर्सीचा निकाल घेऊन सॅक्रामेंटोला गेलात तर हात हलवत परत याल. कोर्टात नक्कल मागतानाच 'भारतासाठी अपोस्टील करायचं आहे' असं सांगा, कारण प्रमाणनावर सही करणाऱ्याची सही राज्याकडे नोंदलेली असावी लागते आणि खिडकीवरच्या प्रत्येक डेप्युटीची तशी असेलच असं नाही. कुणी 'एक्झेम्प्लिफाइड' प्रत मागितली तर ती वेगळी: क्लार्कबरोबर न्यायाधीशाचीही सही असलेली, महाग.

नक्कल हातात आल्यावर तिची स्टेपल काढू नका. झेरॉक्स काढायची म्हणून पानं सुटी केली की ती फोडलेली प्रत ठरते, आणि तिच्यावर अपोस्टील मिळत नाही. दोन-तीन प्रती एकदमच काढा.

तारीख नीट वाचा

कॅलिफोर्नियात नोटीस बजावल्यापासून सहा महिने झाल्याशिवाय लग्न संपत नाही. निकालावर सही आधी होऊ शकते, आणि लग्न संपल्याची तारीख पुढची असू शकते. ती एफएल-१८० वर वेगळी लिहिलेली असते. अर्जात भरायची ती हीच, न्यायाधीशाच्या सहीची नव्हे. मॅसॅच्युसेट्समध्ये निकाल आधी 'नायसाय' (तात्पुरता) असतो आणि ९० दिवसांनी पक्का होतो. नुसत्या नायसायची नक्कल पाठवली तर समोरचा विचारणार, हे अजून चालूच आहे का? तिथे 'डिव्होर्स अॅब्सोल्यूट' चं प्रमाणपत्र मागा.

दुसऱ्याची नोंद पाहायची असेल तर

अमेरिकेतलं स्थळ आलं, मुलगा 'घटस्फोटित' आहे म्हणतो, आणि सांगली-साताऱ्यातल्या आईवडिलांना खात्री करायची आहे. हेही एक खरं कारण. हॅरिस (ह्यूस्टन) किंवा कुक (शिकागो) यांसारख्या मोठ्या काउंट्यांच्या संकेतस्थळांवर दाव्याची नोंद कुणालाही नावाने शोधता येते, न्यूयॉर्कमध्ये फाइल पाहता येत नाही. पण अमित पाटील नावाची माणसं एकाच काउंटीत चार असू शकतात, आणि नोंद न सापडणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. काउंटी चुकली असेल, स्पेलिंग चुकलं असेल. त्यापेक्षा सरळ त्यालाच निकालाची प्रमाणित प्रत मागा. फार तर त्याने समझोत्याची पानं वगळून पाठवावी, त्यात बँकेची खाती आणि मुलांची माहिती असते आणि ती पाहण्याचं तुम्हाला कारण नाही. प्रत आली की तिच्यावरचा केस नंबर त्या काउंटीच्या संकेतस्थळावर टाकून नावं आणि तारीख जुळते का ते पाहा.